वाचनालयाची साधी वेबसाइट: आमच्या कॉम्प्युटरवर चालणारे दुवे फोनवर उघडत नाहीत

वाचनकट्टा

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी 'ब' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे, तिथे मी ग्रंथपाल आहे. दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला होता. त्याने चार संध्याकाळी शेजारी बसून मला नोटपॅडमध्ये एचटीएमएल, म्हणजे वेबपानं लिहायची भाषा, लिहायला शिकवलं. तो गेल्यावर मी एकटीने पाच पानं केली: मुखपृष्ठ, नवीन पुस्तकं, दिवाळी अंक योजना, लेखकसूची आणि संपर्क. वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर सगळे दुवे व्यवस्थित चालत होते. दहा-दहा वेळा तपासले होते.

गेल्या रविवारी सगळ्या फायली गिटहब पेजेस या वेबसाइट ठेवायच्या सेवेवर चढवल्या. तिथे पैसे पडत नाहीत आणि भाच्याने खातं काढून ठेवलं होतं. संध्याकाळी कार्यकारिणीची बैठक होती, तिथे अध्यक्षांच्या फोनवर साइट उघडली. मुखपृष्ठ छान आलं. 'नवीन पुस्तकं'वर बोट ठेवलं तर ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही'. 'दिवाळी अंक'वर ठेवलं तर काहीच हललं नाही. 'संपर्क' उघडायला गेलं तर वर पत्त्यात टक्क्याची चिन्हं आणि भलतंच काहीतरी. ग्रंथालय संचालनालयाचा दुवा दिलाय, तोही आमच्याच साइटवर काहीतरी शोधायला गेला आणि रिकाम्या हाताने परत आला. अध्यक्षांनी फोन बाजूला ठेवून पुढचा विषय घेतला.

तीन महिने रोज वाचनालय बंद झाल्यावर तासभर बसून हे केलंय, त्यामुळे जिवाला लागलं. जाणकारांनी सांगावं, इथे चालणारा दुवा तिथे का मोडतो? भाच्याची परीक्षा चालू आहे, त्याला आत्ता त्रास द्यायचा नाही.

सह्यकडा

ताई, धीर सोडू नका. पाचही पानं शाबूत आहेत, फक्त त्यांच्याकडे जाणारे पत्ते चुकलेत. दुव्यांत जे लिहिलंय ते जसंच्या तसं इथे द्या. कोन-कंस मात्र टाकू नका, इथे ते टाकले की पुढचा मजकूर गायब होतो. एच-रेफच्या, म्हणजे दुव्याचा पत्ता जिथे लिहितात त्या शब्दाच्या, पुढे अवतरणचिन्हांत जे आहे तेवढंच शब्दांत सांगा. रोमन अक्षरं देवनागरीत लिहिलीत तरी कळेल, फक्त कुठलं अक्षर कॅपिटल आहे ते आवर्जून सांगा.

वाचनकट्टा

लगेच बघून लिहिते.

नवीन पुस्तकं: 'नवीन डॉट एचटीएमएल', सगळी लहान अक्षरं. पण आता फोल्डर उघडून बघितलं तर फाइलच्या नावात एन कॅपिटल आहे.

दिवाळी अंक: 'फाइल', विसर्गासारखी दोन टिंबं, तीन तिरक्या रेघा, मग 'सी', 'युजर्स', 'लायब्ररी', 'डेस्कटॉप', 'साइट', 'अंक' आणि शेवटी पानाचं नाव. हे मी ब्राउझरच्या वरच्या पट्टीतून कॉपी केलं होतं, म्हणजे टायपिंगची चूक होणार नाही म्हणून.

संपर्क: ही ओळ भाच्याने वर्डच्या फाइलमध्ये पाठवली होती, तिथून उचलून टाकली. दिसायला बरोबर दिसते.

संचालनालय: 'डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू'पासून पुढे सगळा पत्ता. वर्तमानपत्रात छापतात तसा.

सह्यकडा

चारही दुखणी वेगवेगळी आहेत. नवशिक्यांना हमखास होणारी ही चारही एकदम तुमच्याच वाट्याला आली, हे एका अर्थी बरंच झालं. सविस्तर लिहितो.

आधी दिवाळी अंक. तुम्ही दिलेला पत्ता तुमच्या कॉम्प्युटरच्या पोटातला आहे: सी ड्राइव्ह, लायब्ररी नावाचा युजर, त्याचा डेस्कटॉप. अध्यक्षांच्या फोनमध्ये सी ड्राइव्हच नाही. शिवाय नेटवरच्या पानावरून वाचणाऱ्याच्या यंत्रातली फाइल उघडायला ब्राउझर परवानगी देत नाही, म्हणून नुसतं ढिम्म. ४०४ सुद्धा आला नाही, कारण ४०४ हे उत्तर सर्व्हर देतो आणि इथे गाडी सर्व्हरपर्यंत पोचलीच नाही.

पत्ता दोन तऱ्हांनी सांगता येतो. तुम्ही ग्रंथपाल आहात म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. "कपाट सात, फळी तीन, डावीकडून पाचवं" हा झाला पूर्ण पत्ता, दारातून येणाऱ्या कुणालाही लागू. "याच फळीवर, दोन पुस्तकं सोडून" हा सापेक्ष पत्ता. तो ऐकणारा त्या फळीपुढे उभा असेल तरच कामाचा. वेबसाइटच्या आतल्या पानांना सापेक्ष पत्ता द्यावा. मुखपृष्ठाची फाइल आणि 'अंक' हे फोल्डर शेजारी-शेजारी आहेत ना? मग मुखपृष्ठावरच्या दुव्यात फक्त 'अंक', तिरकी रेघ, आणि पानाचं नाव. बस. तुमच्या डेस्कटॉपवर असो की गिटहबवर, दोन्हीकडे चालेल, कारण दोन्हीकडे 'अंक' हे मुखपृष्ठाच्या शेजारीच आहे.

आता 'अंक'मधल्या पानावरून मुखपृष्ठावर परत यायचं असेल तर आधी फोल्डरच्या बाहेर पडावं लागतं. त्यासाठी दोन टिंबं आणि तिरकी रेघ, म्हणजे असं: ../ आणि मग 'इंडेक्स डॉट एचटीएमएल'. दोन फोल्डर खोल असाल तर तेच दोनदा: ../../ . रेघ कायम पुढे झुकलेली हवी. विंडोज आपल्या फोल्डरांसाठी मागे झुकलेली वापरतं, ती बघून इथे लिहू नका.

आता संचालनालय. इथे उलटं झालंय. दुसऱ्याच्या साइटला पूर्ण पत्ता हवा आणि तुम्ही दिलेला अर्धा निघाला. सुरुवातीला 'एचटीटीपीएस', विसर्गासारखी दोन टिंबं आणि दोन तिरक्या रेघा नसतील तर ब्राउझर 'डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू' वगैरे सगळं तुमच्याच फोल्डरातल्या एखाद्या फाइलचं नाव समजतो. वर्तमानपत्रात वाचून आपण पट्टीत टाइप करतो तेव्हा तो पुढचा भाग ब्राउझर स्वतः लावतो, म्हणून छापताना गाळला तरी चालतं. दुव्यात चालत नाही.

'नवीन पुस्तकं'चं कारण तुम्हीच शोधलंत. विंडोजला कॅपिटल एन आणि लहान एन सारखेच. गिटहबला, आणि लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक सगळ्या सर्व्हरांना, त्या दोन वेगळ्या फायली. सरळ नियम करून टाका: साइटमधल्या प्रत्येक फाइलचं आणि फोल्डरचं नाव लहान अक्षरांत, जागा न सोडता. दोन शब्द जोडायचे तर मध्ये आडवी रेघ. फोटोंनाही हेच. मोबाइलमधून आलेल्या फोटोच्या शेवटी 'जेपीजी' कधी कॅपिटलमध्ये असतं, कधी लहान. तिथे पुष्कळ जण फसतात.

संपर्काच्या पत्त्यात टक्क्याच्या पुढे काय दिसतंय ते नेमकं सांगाल का? माझा अंदाज आहे, पण खात्री करून घेतो.

वाचनकट्टा

किती समजावून लिहिलंत! तीन महिन्यांत 'सापेक्ष पत्ता' शब्द चार वेळा वाचला होता, फळीचं उदाहरण दिल्यावर आज डोक्यात बसला.

संपर्काच्या पत्त्यात नावाच्या आधी 'टक्का ई २, टक्का ८०, टक्का ९ सी' असं आहे. नावानंतरही तसंच, फक्त शेवटी सीच्या जागी डी.

सह्यकडा

मग तेच. ही वर्डची वळणदार अवतरणचिन्हं आहेत. आपण सरळ उभी दोन टोकं टाइप करतो आणि वर्ड आपणहून ती छापील पुस्तकासारखी बाकदार करतो. एचटीएमएलला सरळच लागतात. बाकदार आली की ब्राउझर त्यांना पत्त्याचाच भाग धरतो, आणि तुम्हाला दिसली ती सांकेतिक अक्षरं म्हणजे उघडणारं आणि मिटणारं अवतरणचिन्ह. नोटपॅडमध्ये ती दोन्ही चिन्हं पुसून हाताने पुन्हा टाइप करा. वर्डमधून कोड कधीच उचलू नका.

टिंबटिंब

सह्यकडांनी छान लिहिलंय. भर घालतो: ../ च्या भानगडीत पडण्यापेक्षा प्रत्येक दुवा एका तिरक्या रेघेने सुरू करावा. म्हणजे '/अंक/' आणि पुढे पान. सुरुवातीची रेघ म्हणजे "साइटच्या मुळापासून मोज". मग पान कितीही खोल फोल्डरात असो, दुवा तोच राहतो. मुख्य यादी सगळ्या पानांवर एकसारखी चिकटवता येते. मी नेहमी असंच करतो.

सह्यकडा

स्वतःचं डोमेन, म्हणजे फक्त आपल्या नावाचा पत्ता, असेल तर टिंबटिंब म्हणतात ते सोयीचं आहे. ताईंच्या बाबतीत मात्र ते करू नये असं माझं ठाम मत आहे. गिटहब पेजेसवर साधारणपणे खात्याच्या नावाचा पत्ता असतो आणि त्यापुढे रेघ देऊन प्रकल्पाचं नाव. साइट त्या प्रकल्पाच्या नावाखाली असते. रेघेने सुरू होणारा दुवा त्याच्याही वर, खात्याच्या मुळाशी जाऊन शोधतो आणि तिथे काहीच नसतं. पुन्हा ४०४. शिवाय डेस्कटॉपवर फाइल उघडून तपासायची तर तिथे मूळ म्हणजे सी ड्राइव्ह, म्हणजे घरी तपासणीही गेली.

ताई, तुमच्या पत्त्यात शेवटी वाचनालयाचं नाव रेघेनंतर येतं का?

वाचनकट्टा

हो, रेघेनंतरच येतं.

टिंबटिंब

मग माझा सल्ला मागे घेतो. ताईंनी ../ च वापरावं. डोमेन घेतलंत की तेव्हा बघू.

अक्षरधूळ

फायलींच्या नावांवरून एक विचारतो. नावं रोमनमध्येच का? मराठी वाचनालय, मराठी पुस्तकं, मग पत्ता मराठीत का नको? मराठी विकिपीडियाची पानं देवनागरी नावांनी उघडतात, त्यांना काही होत नाही. '.भारत' हे डोमेन देवनागरीत २०१४ पासून मिळतं. आपणच मागे राहिलो तर लिपी नेटवर दिसणार कशी?

सह्यकडा

तुमची तळमळ मला पटते, आणि तांत्रिकदृष्ट्या देवनागरी नावं चालतात. अडचण दुवा दुसऱ्याला पाठवताना येते. पत्त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह आतून तीन बाइटचं असतं आणि प्रत्येक बाइट टक्का आणि दोन अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरं. काना, वेलांटी, अनुस्वार ही सगळी वेगळी चिन्हं. 'दिवाळी' मोजून बघा: द, वेलांटी, व, काना, ळ, वेलांटी. सहा चिन्हं, चोपन्न अक्षरं. 'अंक'ची सत्तावीस. मधल्या मोकळ्या जागेची तीन. 'दिवाळी अंक' एवढ्या दोन शब्दांचा पत्त्यात चौऱ्याऐंशी अक्षरांचा शेपटा होतो. एखाद्या सभासदाने तो कॉपी करून ग्रुपवर टाकला की वाचणाऱ्याला वाटतं व्हायरस आलाय.

विकिपीडियावर लोक बहुतेक शोधून पोचतात. वाचनालयाचा पत्ता नोटीस बोर्डावर खडूने लिहायचाय, फोनवर तोंडी सांगायचाय. तिथे छोटं रोमन नाव सोपं पडतं. डोळ्याला दिसणारा मजकूर, म्हणजे ज्यावर बोट ठेवायचं तो शब्द, शंभर टक्के मराठीत ठेवावा.

अक्षरधूळ

नोटीस बोर्डाचं पटलं. चौऱ्याऐंशी अक्षरं कुणी खडूने लिहिणार नाही.

तरी लेखकसूचीबद्दल एक सांगतो, कारण तिथे मी स्वतः दोन दिवस घालवलेत. लांब पानावर वर अक्षरांची पट्टी आणि त्यावर बोट ठेवलं की खाली त्या विभागावर उडी, असं करणार असाल ना? त्यासाठी विभागाच्या मथळ्याला 'आयडी' द्यायचा आणि दुव्यात # लावून तेच नाव लिहायचं. आयडी देवनागरीत ठेवता येतो. मी गावच्या माहितीच्या पानावर 'डोंगरदऱ्या' असा आयडी ठेवला होता. मथळ्यात 'डोंगरदऱ्या', दुव्यात 'डोंगरदऱ्या', दोन्ही तंतोतंत सारखे दिसत होते आणि उडी काही बसत नव्हती. बाकी सगळे विभाग चालत होते, हा एकच अडला होता.

कारण शेवटी सापडलं ते 'ऱ्य'मध्ये. हे जोडाक्षर दोन रीतींनी टाइप होतं. एका रीतीत खाली टिंब असलेला 'ऱ' हा स्वतंत्र वर्ण, त्याला हलन्त आणि मग य. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त, मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह, मग य. डोळ्याला दोन्हीकडे तोच आडवा रफार दिसतो, पण ब्राउझर चिन्हं मोजून जुळवतो. मथळा मी कॉम्प्युटरवर लिहिला होता आणि दुवा फोनवरून पाठवलेल्या मजकुरातून उचलला होता. दऱ्या, किनाऱ्यावर, नोकऱ्या, वाऱ्या: मराठीत हे अक्षर पावलोपावली येतं, त्यामुळे आपल्यालाच याचा जास्त त्रास. तेव्हापासून पानावरचा मजकूर देवनागरी आणि आयडी साधे रोमन, हा नियम मीही पाळतो. वर पत्त्याच्या बाजूने भांडलो तरी.

वाचनकट्टा

हे वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्याकडे 'डोंगरदऱ्या आणि किल्ले' असं एक कपाटच आहे! तुम्ही लिहिलं नसतंत तर मीही दोन दिवस त्यातच घालवले असते. मनापासून आभार.

स्वरवाट

मला दिसत नाही, मी एनव्हीडीए या फुकट मिळणाऱ्या स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर, नेट वाचतो. मराठी वाचनालयांच्या साइट मुद्दाम शोधून वाचतो, म्हणून ताईंना एक विनंती करायची आहे.

डोळस माणूस पान वरून खाली चाळतो. मी इन्सर्ट आणि एफ ७ एकदम दाबतो, मग पानावरच्या सगळ्या दुव्यांची यादी समोर येते आणि मी ती एकेक ऐकत जातो. आजूबाजूचा मजकूर त्या यादीत नसतो, नुसते दुवे असतात. गेल्या महिन्यात एका साइटवर मला ऐकू आलं ते असं: "येथे क्लिक करा. येथे क्लिक करा. येथे क्लिक करा. अधिक वाचा. येथे क्लिक करा." अकरा वेळा. त्यातला सभासद अर्जाचा कुठला, ते कळायला अकराही उघडावे लागले.

म्हणून दुव्याचे शब्द असे ठेवा की ते एकटे वाचले तरी अर्थ लागावा. "दिवाळी अंकांसाठी येथे क्लिक करा" यात फक्त शेवटच्या तीन शब्दांना दुवा देण्याऐवजी "या वर्षीच्या दिवाळी अंकांची यादी" एवढ्या सगळ्याला दुवा द्या. पीडीएफ असेल तर तसं दुव्यातच सांगा, "सभासद अर्ज, पीडीएफ". चित्राला दुवा असेल तर त्याचं वर्णन 'ऑल्ट'मध्ये, म्हणजे चित्राच्या पर्यायी मजकुरात, लिहा. नाहीतर मला फाइलचं नाव ऐकू येतं, आयएमजी, अंडरस्कोर, दोन शून्य दोन चार असं.

आणि अगदी वर, एचटीएमएलच्या पहिल्या टॅगमध्ये, म्हणजे कोन-कंसातल्या खुणेत, भाषा 'एमआर' आहे असं नमूद करा. मग माझं यंत्र मराठी आवाजात वाचतं. ते नसलं की इंग्रजी आवाज मराठीवर तुटून पडतो.

वाचनकट्टा

स्वरवाट, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या मुखपृष्ठावर सहा 'येथे क्लिक करा' आहेत. ते आज रात्रीच काढते. ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासात रंगनाथनांची पंचसूत्री पहिल्या दिवशी शिकवतात, त्यातलं चौथं सूत्र "वाचकाचा वेळ वाचवा". वाचनालयात ते मी जिवापाड पाळते, तारीख उलटलेलं पुस्तकसुद्धा फोन करून मागवून देते. साइटवर ते कसं पाळायचं ते तुम्ही सांगितलंत.

माजघर

छोटीशी गोष्ट. दुव्याखालची रेघ मराठीत उकारांवरून जाते. 'पुस्तकं', 'सूची', 'मुखपृष्ठ' सगळीकडे उकार-ऋकार आहेत. हल्लीचे ब्राउझर तिथे रेघ तोडतात, मग ती जागोजागी तुटलेली दिसते. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, 'टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट' म्हणून एक आहे, ते पाव ते तीन दशांश 'ईएम' (अक्षराच्या आकारावरून ठरणारं माप) ठेवा, रेघ उकारांच्या खाली सरकते. रेघ पूर्ण काढून टाकू नका मात्र, नुसत्या रंगावरून दुवा सगळ्यांना ओळखू येत नाही.

दुसरं, तुमचे सभासद वयस्कर असतील. संपर्काच्या पानावर फोन नंबर नुसता लिहू नका, त्याला 'टेल'चा दुवा द्या: 'टेल', विसर्गासारखी दोन टिंबं, अधिक ९१, आणि पुढे नंबर. बोट ठेवलं की फोन लागतो. वाचनालयाचा फोन लँडलाइन असेल तर एसटीडी कोडमधलं सुरुवातीचं शून्य गाळायचं. व्हॉट्सअॅपच्या दुव्यात तर अधिकचं चिन्हही नको, सरळ ९१ पासून सुरुवात. ईमेलला 'मेल-टू'. माझ्या सासूबाईंना साइट वगैरे आवडत नाही, पण नंबरावर बोट ठेवून फोन लागतो हे त्यांना फार आवडलंय.

गोदाकाठ

चर्चा छान चाललीय. थोडं मागचं सांगतो.

दुव्याचा जो टॅग आहे तो एका अक्षराचा, 'ए', म्हणजे अँकर, नांगर. एच-रेफमधला 'एच' हायपरटेक्स्टचा. हायपरटेक्स्ट हा शब्द टेड नेल्सन यांनी १९६५ मध्ये वापरात आणला. टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत वेबचा पहिला प्रस्ताव मांडला. तिथे हजारो शास्त्रज्ञ येत-जात, प्रत्येकाची यंत्रं वेगळी, कागद वेगळे, आणि माणूस गेला की माहितीही हरवायची. एका कागदातून दुसऱ्या कागदाकडे बोट दाखवता यावं, एवढीच गरज होती. ३० एप्रिल १९९३ ला सर्नने ते सगळ्यांना मोफत खुलं केलं. ताई आज एक पैसा न देता दुवा लिहू शकतात तो त्यामुळे. पत्त्यातल्या दोन रेघांची गरज नव्हती, असं बर्नर्स-ली यांनी २००९ मध्ये स्वतः सांगितलं.

त्यांचीच दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. १९९८ मध्ये त्यांनी आग्रहाने लिहिलं की पानाचा पत्ता एकदा दिला की बदलू नये. आमच्या मंडळाने पंचवीस वर्षांपूर्वी स्मरणिकेत आपल्या साइटचा पत्ता छापला होता. ती साइट एका मोफत सेवेवर होती. सेवा बंद झाली, साइट गेली, स्मरणिका अजून माझ्या कपाटात आहे. त्या पत्त्याकडे बघितलं की आजही चुटपुट लागते. म्हणून ताई, आत्ता फायलींची नावं बदलताय तेव्हाच नीट विचार करून ठेवा. वर्षाचा आकडा, "नवीन", "अंतिम" असले शब्द नावात नकोत. पुढच्या वर्षी 'नवीन' जुनं होतं आणि मग नाव बदलावंसं वाटतं.

वाचनकट्टा

गोदाकाठ, हे मला इतकं ओळखीचं वाटलं! आमच्या दाखल रजिस्टरात पुस्तकाला दाखल क्रमांक पडला की तो कायमचा. पुस्तक फाटलं, हरवलं, निर्लेखित झालं तरी तो क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला देत नाहीत. नोंदीपुढे लाल शाईने शेरा मारतात, पण क्रमांक तिथेच राहतो. साइटवरच्या पानालाही तसाच दाखल क्रमांक द्यायचा, एवढं मी धरून चालते.

पण प्रश्न असा: कॅपिटल एनचा पत्ता मी बैठकीआधी ग्रुपवर टाकला होता, तो थेट उघडायचा. आता नाव बदललं की तो मोडणार. त्याचं काय?

सह्यकडा

लाल शाईचा शेरा इथेही मारता येतो. जुन्या नावाची फाइल ठेवा, पण त्यात फक्त एक ओळ: "हे पान नव्या पत्त्यावर हलवलं आहे", आणि नव्या पानाचा दुवा. वर मेटा टॅगमध्ये 'रिफ्रेश', शून्य सेकंद आणि नवा पत्ता दिलात की ब्राउझर आपोआप तिकडे नेतो. फक्त नव्या पानाचं नाव खरोखर वेगळं हवं. नुसतं कॅपिटलचं लहान केलंत तर तुमच्या विंडोजवर त्या दोन फायली एका फोल्डरात राहणार नाहीत. 'पुस्तके' ठेवा, गोदाकाठ म्हणतात तसं 'नवीन'ही टळेल.

टिंबटिंब

तपासणीबद्दल: ज्या कॉम्प्युटरवर साइट केली तिथे शेवटची तपासणी करू नये. चढवल्यावर दुसऱ्याच्या फोनवर प्रत्येक दुव्यावर बोट ठेवून बघा. बदल दिसत नसेल तर पाच-दहा मिनिटं थांबून पान पुन्हा ताजं करा, जुनं पान ब्राउझरने साठवून ठेवलेलं असतं. पुढे पानं वाढली की वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यू ३ सी या संस्थेचा लिंक चेकर वापरा. पत्ता दिला की तो मोडलेले दुवे शोधून यादी देतो.

वाचनकट्टा

आठ दिवसांनी लिहितेय, क्षमस्व. वाचनालयात साठागणती चालू होती.

सगळं दुरुस्त झालं. नावं लहान अक्षरांत केली. सी ड्राइव्हचे पत्ते एकूण सात निघाले, त्यातले चार फोटोंचे. संपर्काच्या ओळीतली अवतरणचिन्हं पुसून पुन्हा टाइप केली तर पान पहिल्या झटक्यात उघडलं. जुन्या पत्त्यावर लाल शेरा ठेवलाय. 'येथे क्लिक करा' एकही उरलेलं नाही. दुव्यांखालची रेघ खाली सरकवल्यावर 'लेखकसूची' हा शब्द इतका सुबक दिसतो की मी उगीच दोन-तीनदा पान उघडून बघितलं.

शिपाईकाकांच्या फोनवर, आमच्या वर्तमानपत्रं वाचायला येणाऱ्या आजोबांच्या फोनवर आणि माझ्या फोनवर एकेक दुवा तपासला. आजोबांनी नंबरावर बोट ठेवलं आणि टेबलावरचा वाचनालयाचा फोन वाजला. त्यांनी तो तिथे बसूनच मला उचलायला लावला आणि दिवाळी अंकांचं बोलून घेतलं. बुधवारी अध्यक्ष येऊन गेले. त्यांनी पाचही पानं शांतपणे बघितली आणि पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत साइटचा पत्ता घालायला सांगितला.

लेखकसूची अजून अर्धी आहे, 'प'पर्यंत आडनावं भरलीत. त्यावरून शेवटचं विचारते. वरच्या पट्टीत मी सगळी मुळाक्षरं ओळीने घेतलीत. पण 'ङ', 'ञ', 'ण' आणि 'ळ' यांनी सुरू होणारं आडनावच नाही. ती अक्षरं पट्टीत ठेवू का काढू? ठेवली तर त्यांचा दुवा कुठे न्यायचा?

सह्यकडा

अक्षरं ठेवा, मुळाक्षरांचा क्रम मोडला की डोळा अडखळतो. पण त्यांना दुवा देऊ नका. 'ए' टॅग न लावता नुसतं अक्षर लिहा आणि रंग जरा फिका ठेवा.

स्वरवाट

बरोबर. दुवा नसला की ती चार अक्षरं माझ्या यादीत येणारच नाहीत आणि मी 'ह'वरून सरळ 'क्ष'वर जाईन. ताई, 'प'च्या पुढची आडनावं भरून झाली की इथे कळवा. मला 'श'मध्ये एक लेखक शोधायचे आहेत.